आमेन म्हणेपर्यंत

१

वकीलसाहेब प्रार्थनेला उभे राहिले की शहाणी माणसं आधी टेकायला भिंत बघून ठेवत. जगातले सगळे देश, त्या देशांचे सगळे राज्यकर्ते, मंडळीतले सगळे आजारी आणि शेवटी ज्यांच्यावर वकीलसाहेबांचा राग असेल ते सगळे, एवढा प्रवास झाल्याशिवाय ते काही आमेन म्हणायचे नाहीत. त्या शनिवारी सकाळी चर्चमध्ये मोजून सहा माणसं होती, तरी त्यांनी एकही मुक्काम गाळला नाही.

मेट्रनबाई डोळे मिटून उभ्या होत्या आणि मनातल्या मनात भलत्याच खूश होत्या. दवाखान्यातल्या नोकरीतून त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी अजून कुणी समोर आलं की त्यांचा हात आपोआप नाडीकडे जायचा. पोलीस पहाऱ्यात, पाय मोडून त्यांच्या वॉर्डात पडलेला एक घरफोड्या त्यांनीच बरा केला होता. शिक्षा भोगून तो बाहेर आला, कोपऱ्यावर किल्ल्या बनवायची टपरी टाकली, आणि एका रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसला. सगळे त्याला किल्लीवाला म्हणायचे. उद्या त्याचा बाप्तिस्मा होता!

त्याचीच ही तयारी चालली होती. व्यासपीठासमोरच्या हौदावरच्या फळ्या काढल्या होत्या, नळीचं पाणी आत पडत होतं, थोडं फरशीवरही उडत होतं. शेजारच्या मेजावर प्रभुभोजनाच्या भाकरीची चांदीची थाळी आणि द्राक्षरसाचा चांदीचा उंच प्याला पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवला होता. पेटीमास्तर त्याला लागूनच पायपेटीवर बसले होते आणि प्रार्थनेच्या मागे हळू आवाजात गीताची चाल वाजवत होते. उद्या पाण्यातून बाहेर आल्यावर किल्लीवाला त्याच प्याल्यातून, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा द्राक्षरस पिणार होता.

त्या प्याल्याचा मान मोठा. महिन्यातून एकदा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ओठांओठी फिरायचा, आणि तो कुणी न पिताच पुढे सरकवला तर मंडळीचे कान टवकारायचे. कारण मनात पाप असेल त्यानेच प्याला टाळायचा, असा तिथला समज. एकदा सुताराने दाढ दुखते म्हणून प्याला पुढे दिला, तर महिनाभर त्याच्या दुसऱ्या बाईची चर्चा चालली होती. दुसरी बाई कोण, हे शोधायला सुताराची बायकोसुद्धा निघाली होती.

“आणि हे प्रभो,” वकीलसाहेबांचा आवाज चढला, “जे पांढरे कपडे घालून तुझ्या घरात शिरू पाहतात, पण ज्यांचे हात अजून काळेच आहेत, त्यांना ओळखण्याची बुद्धी आम्हाला दे.”

मेट्रनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डोळे मिटलेलेच ठेवले. पेटीचा एकच सूर लांबत राहिला होता, तो ऐकत त्यांनी राग गिळला. मग चाल पुन्हा सुरू झाली, आजारी माणसांची राहिलेली यादी झाली, आणि एकदाचं ते आलं.

“आमेन.”

“आमेन,” सगळे म्हणाले आणि डोळे उघडले.

मेजावरचं कापड खाली बसलं होतं. प्याल्यामुळे मध्ये जो उंचवटा दिसायचा, तो नव्हता. शिंपीणकाकूंनी पुढे होऊन कापड उचललं. खाली थाळी होती. प्याला नव्हता.

एकेक करून सगळ्यांच्या नजरा दाराशी उभ्या असलेल्या किल्लीवाल्याकडे वळल्या.

२

“दाराला कडी घाला!” वकीलसाहेब गरजले.

कडीची गरज नव्हती. चर्चच्या दाराची बिजागरी अशी करकरायची, की उशिरा येणाऱ्याला साऱ्या मंडळीची माफी मागावीशी वाटे. प्रार्थनेत ती करकरली नव्हती. म्हणजे प्याला आतच हवा.

शोधाशोध सुरू झाली. पाळकसाहेबांनी, ते तरुण होते आणि या मंडळीत नवे होते, बाह्या सरसावून, उभ्यानेच, हौद लांब काठीने चाचपला. शिंपीणकाकूंनी बाप्तिस्म्याच्या झग्यांची पिशवी पालथी केली.

“हे एवढे जड कशाने?” वकीलसाहेबांनी संशयाने विचारलं.

“शिसं आहे घेराला. पाण्यात झगा वर तरंगला तर उद्या तुम्हालाच तोंड फिरवावं लागेल,” काकू म्हणाल्या.

पेटीमास्तरांनी आपणहून पायपेटीचं झाकण उघडून दाखवलं, स्टूल उलटं करून दाखवलं. मेट्रनबाईंनी आपली पर्स रिकामी केली. आणि किल्लीवाला? त्याला कुणी सांगायच्या आत तो भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून उभा राहिला. इतक्या सवयीने, की मेट्रनबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

त्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा, कानस आणि रुमाल निघाला.

“खिडकी उघडी आहे. बाहेर याचा साथीदार असणार,” वकीलसाहेब म्हणाले. कमिटीचे अध्यक्ष तेच. “मी पहिल्यापासून सांगत होतो. दुपारच्या चहानंतर कमिटी बसेल, इथेच. तोवर प्याला आला नाही तर उद्याचा बाप्तिस्मा रद्द. उद्याचाच नाही, कायमचा.”

“साहेब, मी नाही घेतला,” किल्लीवाला भिंतीकडे बघतच म्हणाला.

“मेट्रनबाई, हे रत्न तुम्हीच आणलंत.”

“मीच आणलं, आणि उद्या मीच टॉवेल घेऊन हौदाशी उभी राहणार आहे!” मेट्रनबाई कडाडल्या. “दुपारपर्यंत वेळ दिलात ना? बास झाला.”

बोलून तर बसल्या. पण हातात काय होतं? प्याला डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता, आणि पंचाईत ही, की डोळे सगळ्यांचे मिटलेले होते.

वकीलसाहेब कुलूप लावायला सगळ्यांना बाहेर हाकलत होते, तेवढ्यात मेट्रनबाईंना दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे थाळी. ती प्याल्याहून जड, चांदीचीच, आणि चोराने ती ठेवून वर पुन्हा कापड नीट पांघरलं होतं. चांदीसाठी चोरी करणारा असा सोडून जाईल?

दुसरी गोष्ट म्हणजे पाळकसाहेबांची पँट. दोन्ही गुडघ्यांवर ती ओली होती. आणि मेट्रनबाईंनी डोळे मिटले तेव्हाही ते ताठ उभे होते, उघडले तेव्हाही ताठ उभे.

३

“गुडघे?” पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. “तुम्ही पाहिलंत?”

त्यांच्या अभ्यासिकेत पुस्तकांचे ढीग होते आणि उद्याचा उपदेश अर्धाच लिहून झाला होता. मेट्रनबाईंनी दार लोटून घेतलं.

“मी ओली पँट पाहिली. बाकीचं तुम्ही सांगा.”

“वकीलसाहेबांनी तो टोमणा मारला ना, काळ्या हातांचा,” ते खाली बघत म्हणाले. “मला इतकी लाज वाटली, बाई. मी पाळक आहे, मी त्यांना थांबवायला हवं होतं. धीर झाला नाही. मग मी तिथेच गुडघे टेकले आणि किल्लीवाल्यासाठी प्रार्थना केली. आमेनच्या आधी उठलो. वकीलसाहेबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, माझ्या प्रार्थनेवर स्वतःची प्रार्थना करतो.”

“आवाज केलात?”

“चप्पल काढलेली होती. आणि पाणी पडतच होतं. तुमच्याशिवाय कुणाला कळलं नाही ना?”

मेट्रनबाईंना हसू आलं. संडे स्कूलमधलं एखादं मूल पकडलं जावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. “मलाही कळलं नव्हतं. निर्धास्त राहा,” त्या म्हणाल्या.

तिथून त्या तडक शिंपीणकाकूंकडे गेल्या. काकू मशीनवर बसून टीप मारत होत्या आणि मशीनपेक्षा जास्त वेगाने बोलत होत्या.

“मला काय करायचाय तो प्याला? आयुष्यभर घासला. मागे एक ओरखडा पडला तर वकीलसाहेबांनी मला सगळ्यांसमोर झाडली! एकदा वाटलंही, जाऊ दे कुठेतरी हरवून. पण म्हणून मी घेतला असं नव्हे हं.”

“तसं मी म्हटलं का? उद्या प्याला नसेल तर प्रभुभोजन होणार कसं?”

“होईल की. आधीच्या पाळकांनी आणलेले छोटे ग्लास आहेत ना कपाटात. एकेकाला एकेक. कुणाला आवडले नाहीत म्हणून पडून होते. नशीब, परवाच धुऊन ठेवलेत.”

मेट्रनबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. “परवा कसे काय आठवले?”

“मला कुठले आठवतायत? पेटीमास्तर म्हणाले, काकू, ते ग्लास धुळीत खराब होतील, एकदा धुऊन ठेवा. तो कोट न्यायला आले होते तेव्हा.” काकूंनी दोरा दाताने तोडला. “त्यांचा कोट यंदा दोनदा आत घेतला मी. म्हटलं, मास्तर, वहिनी जेवायला घालत नाहीत का? तर नुसते हसले.”

मेट्रनबाई उठल्या, निरोप घ्यायचाही विसरल्या. पण रस्त्यावर येताच त्यांनी स्वतःलाच झापलं. मास्तर कसे असतील? त्यांचे पाय भात्यावर, हात पट्ट्यांवर, आणि पेटी तर प्रार्थना संपेपर्यंत वाजत होती!

४

पेटीमास्तर चर्चच्या पायऱ्यांवरच भेटले. बंद दारासमोर ते येरझाऱ्या घालत होते.

“वकीलसाहेबांकडे किल्ली मागितली, देत नाहीत,” ते वैतागून म्हणाले. “उद्याचा सराव करायचाय. पाच मिनिटं तरी आत सोडा म्हटलं.”

“घसा बसलाय म्हणून हल्ली गात नाही ना तुम्ही?”

“गात नाही. वाजवायला घसा कशाला लागतो?” मास्तर पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. रुमाल तोंडाशी धरून खोकले. खोकला कोरडा नव्हता, आणि रुमाल त्यांनी घाईने मुठीत दाबला.

मेट्रनबाई बघत राहिल्या. गालांची हाडं वर आलेली. दुपारच्या उन्हात कपाळावर घाम, तरी अंगात कोट. वर्षभर दर रविवारी आपण या माणसाच्या पाठीमागे बसून गीतं म्हटली आणि एकदाही त्याच्याकडे नीट पाहिलं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

“मास्तर, तुम्हाला कोणाचा संशय येतो?”

“कोणाचाच नाही. आणि किल्लीवाल्याचा तर नाहीच. त्याला गीतं मी शिकवली. सुरात नाही, पण मनापासून म्हणतो.” ते जरा आवेशाने बोलले. “लोक आता काय वाटेल ते बोलतील. आत्ताच कुणीतरी म्हणत होतं, नवे पाळक कसे आहेत कोण जाणे, मेजाजवळ तेच उभे होते. मी म्हटलं, अहो, ते बिचारे गुडघे टेकून बसले होते, ते कशाला हात लावतील? उगीच देवमाणसावर आळ नको.”

मेट्रनबाईंनी तोंडावर काही दिसू दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, “खरंय. देवमाणूस आहे.”

पाळकसाहेब सगळ्यांचे डोळे मिटल्यावर खाली बसले होते आणि डोळे उघडायच्या आत उठले होते. बिनआवाज. ते गुडघ्यांवर बसलेले ज्याने पाहिलं, त्याचे डोळे उघडे होते. दुसऱ्यावरचा आळ टाळायला गेले, आणि मास्तर स्वतः सापडले!

पण मग पेटी? चालता चालता त्यांनी ती सकाळ पुन्हा कानात वाजवून पाहिली. वकीलसाहेबांचा टोमणा. आपला संताप. आणि त्या वेळी चाल थांबून एकच सूर लांबत राहिलेला. बाईंच्या नवऱ्याने आयुष्यभर पायपेटी वाजवली होती. एका पायाने भाता चालू ठेवायचा, डाव्या हाताचं एक बोट पट्टीवर दाबून धरायचं, आणि उजव्या हाताने बायकोने पुढे केलेला चहा घ्यायचा, हा त्यांचा रोजचा खेळ होता. हाताच्या अंतरावर चहा घेता येतो, तर प्यालाही घेता येतो.

कुणी, कसा, हे कळलं. का, हेही आता कळायला लागलं होतं, आणि ते कळल्यावर बाईंचा विजयाचा आनंद पार ओसरला.

५

किल्लीवाला टपरीत कानस चालवत होता. पांढरा झगा घालून बघायला म्हणून शिंपीणकाकूंनी दिला होता, तो त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून, किल्ल्यांच्या भुग्यापासून दूर, उंच फळीवर ठेवला होता.

“हा परत करायला येणारच होतो, बाई,” तो म्हणाला. “आता कशाला लागतोय?”

“मला एक सांग. प्रार्थनेत तुझे डोळे मिटले होते?”

कानस थांबली.

“मिटायला शिकतोय अजून,” तो सावकाश म्हणाला. “भोवती माणसं असली की मला डोळे मिटवत नाहीत. जुनी खोड आहे.”

“म्हणजे तू पाहिलंस.”

मिठाची गुळणी धरल्यासारखा तो हातातली किल्ली उजेडात धरून बघत बसला. मेट्रनबाईंचा पारा चढला.

“अरे मग बोल ना! एक नाव घेतलंस की सुटलास. नाही बोललास तर उद्याचं पाणी तुझ्यासाठी नाही. वकीलसाहेब पुन्हा कधी तुला उंबरा ओलांडू देणार नाहीत. कळतंय का तुला?”

“कळतंय.”

“मग?”

“बाई, लोकांनी चोर म्हटलं की कसं वाटतं, ते मला माहितेय. त्यांना माहीत नाही.” त्याने किल्ली खाली ठेवली. “मी त्या चर्चमध्ये पहिल्यांदा आलो तेव्हा बाकावरची माणसं सरकून बसली. एक माणूस उठून माझ्याशेजारी आला, पुस्तक उघडून माझ्या हातात दिलं, बोट ठेवून ओळ दाखवली. त्यांनी तो प्याला का घेतला मला ठाऊक नाही. पण विकायला नाही घेतला. विकणाऱ्याचे हात असे थरथरत नाहीत, तेवढं मला कळतं.”

मेट्रनबाईंनी भरून आलेले डोळे पदराने खसकन पुसले.

“झगा ठेव तिथेच,” त्या दरडावून म्हणाल्या. “आणि चहानंतर चर्चमध्ये ये. हे विचारणं नाही, सांगणं आहे.”

६

कुलूप उघडलं, तेव्हा कमिटीबरोबर अर्धी मंडळी आत शिरली. बातमीला पाय फुटले होते. सुतारही बायकोसह पुढच्या बाकावर हजर होता. वकीलसाहेब मेजामागे उभे राहिले. मास्तर नेहमीसारखे खिडकीशी, पायपेटीजवळ.

“तपास लागला?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“लागला,” मेट्रनबाई म्हणाल्या. “पण सुरुवात गीताने करू या. मास्तर, वाजवा.”

मास्तर हलले नाहीत.

“सकाळपासून सराव करायचा म्हणून किल्ली मागताय ना? बसा.”

“बाई...” मास्तरांच्या तोंडून एवढंच आलं.

मग मेट्रनबाई स्वतःच स्टुलावर बसल्या आणि दोन्ही पाय भात्यावर ठेवले. उजवा पाय खाली गेला. डावा अर्ध्यावर अडला, आणि आतून आवाज आला. ठण्!

अख्खं चर्च उभं राहिलं. बाईंनी वाकून, पायांजवळचा पडदा सारून, फळीच्या आत हात घातला. प्याला रुमालात गुंडाळलेला होता. रुमाल स्वच्छ धुतलेला, इस्त्रीचा.

“पायपेटीत!” वकीलसाहेब ओरडले. “म्हणजे याने हा तिथे—” त्यांचं बोट किल्लीवाल्याकडे गेलं.

“तो दाराशी उभा होता. पंख फुटल्याशिवाय इथवर येऊ शकत नव्हता,” मेट्रनबाई म्हणाल्या. “थाळी सोडून फक्त प्याला कोण नेईल? चांदी हवी असलेला नाही. उद्या प्याला इथे नको असलेला. थाळीतल्या भाकरीचा तुकडा ज्याचा त्याला मिळतो. प्याल्याला मात्र सगळ्यांचे ओठ लागतात. आपला ओठ त्याला लागू नये असं एखाद्याला वाटलं, तर त्याने करायचं काय? प्याला पुढे सरकवायचा?”

सुताराने मोठ्याने खाकरून घसा साफ केला. त्याच्या बायकोने मान खाली घातली.

“ते मी विचारत नाही,” वकीलसाहेब म्हणाले. “मी नाव विचारतोय. नाव सांगा, नाहीतर हा किल्लीवाला—”

“मीच घेतला समजा, साहेब,” किल्लीवाला मागून म्हणाला. “प्याला मिळाला ना? आता जाऊ द्या ना सगळ्यांना घरी. मी उद्या येत नाही.”

“मूर्खा, गप्प बस!” मेट्रनबाई ओरडल्या. पण त्यांच्याआधी दुसरंच कुणीतरी ओरडलं होतं.

“तो खोटं बोलतोय!” मास्तर पेटीला धरून उभे होते. “मी घेतला. मला टीबी आहे.”

मागच्या बाकावर कुणाचं तरी पुस्तक खाली पडलं.

“गेल्या महिन्यात गावाला जातो म्हणून प्रभुभोजन चुकवलं. उद्या चुकवता येत नव्हतं, याचा बाप्तिस्मा, पेटी कोण वाजवणार? आणि प्याला ओठाला न लावता पुढे दिला असता तर तुम्ही माझं काय पाप शोधलं असतं? लावला असता तर तुमची पोरं... मी म्हटलं, एक दिवस प्याला सापडू नये. ग्लास वापरतील. संध्याकाळी मी हळूच परत ठेवीन. याच्यावर आळ येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं तेव्हा तोंड उघडेना, म्हणून गुपचूप परत ठेवायला किल्ली मागत होतो.” त्यांना खोकल्याची उबळ आली, त्यांनी तोंड खिडकीबाहेर केलं. “माझा थोरला भाऊ यानेच गेला. तेव्हा आमच्या घरी कुणी पाणी प्यायला नाही. तुम्हीसुद्धा नाही, वकीलसाहेब.”

वकीलसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या माणसाला शब्द न सुचलेले मंडळीने पहिल्यांदाच पाहिले.

मेट्रनबाई मास्तरांपाशी गेल्या. हात आपोआप नाडीकडे गेला.

“औषधं चालू आहेत?”

मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली.

“वेड्या माणसा! हा आजार प्याल्यातून नाही पसरत, खोकल्यातून पसरतो, बंद खोलीतून पसरतो. एवढा चांदीचा खटाटोप केलास, त्यापेक्षा एकदा माझ्या दाराशी आला असतास तर? सोमवारी सकाळी मी तुला दवाखान्यात घेऊन जाणार. रोज औषध माझ्यासमोर घ्यायचं. बरा होतोस की नाही बघतेच मी.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. वकीलसाहेब खाली बसले होते. बऱ्याच वेळाने ते उठले आणि सगळ्यांना वाटलं, आता प्रार्थना. सुताराने भिंतही बघून ठेवली.

“उद्या छोटे ग्लास वापरू,” वकीलसाहेब म्हणाले. “सगळ्यांनाच. मलाही.” मग किल्लीवाल्याकडे न बघता म्हणाले, “हौदातलं पाणी गार असतं. कोमट करून घालायला सांगा.”

त्यांची सगळ्यात छोटी प्रार्थना ती हीच, असं पुढे मंडळीत म्हणत.

७

रविवारी पायपेटीवर मेट्रनबाई बसल्या होत्या, आणि गीत त्यांच्यामागून चालत होतं की ते गीतामागून, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण लोक असे जोरजोरात गात होते की चुका झाकून गेल्या. खिडकी सताड उघडी होती. बाहेर ओसरीत एक खुर्ची टाकली होती, आणि तिच्यावर तोंडाला रुमाल बांधून पेटीमास्तर बसले होते. प्रत्येक चुकीच्या सुराला त्यांचा चेहरा वाकडा होत होता.

किल्लीवाला पाण्यात उतरला. पाळकसाहेबांनी त्याला धरून मागे वाकवलं, पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं, आणि तो वर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झगा वर तरंगला नाही. शिंपीणकाकूंनी आजूबाजूला बघून घेतलं, कुणाच्या लक्षात आलंय का म्हणून.

मग छोटे ग्लास वाटले गेले. चांदीचा प्याला मेजावर रिकामा उभा होता. पाळकसाहेब पहिला ग्लास किल्लीवाल्याला देऊ लागले. त्याने तो घेतला, पण प्यायला नाही. दुसरा ग्लास मागून घेतला, आणि ओल्या झग्याने, फरशीवर पाणी ठिबकवत, तो मधल्या वाटेने थेट दाराकडे निघाला. बिजागरी करकरली. कुणी मागे वळून नाक मुरडलं नाही.

ओसरीत त्याने एक ग्लास मास्तरांना दिला आणि शेजारी, फरशीवर बसला. खिडकीतून मेट्रनबाईंना दोघांच्या पाठी दिसत होत्या, बोलणंही ऐकू येत होतं.

“तू मला पाहिलं होतंस,” मास्तर म्हणाले. “मेट्रनबाई सांगत होत्या. मग बोलला का नाहीस?”

किल्लीवाल्याने केसांतलं पाणी हाताने निपटलं.

“प्रार्थना चालली होती ना, मास्तर,” तो म्हणाला. “प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. तुम्हीच तर शिकवलंत.”

मास्तरांनी रुमाल खाली केला, आणि दोघांनी एकदमच ग्लास ओठांना लावले.